जाणण्याचे दायित्व

आपल्या पूर्वजांनी अन्नाची पारख डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने केली. नासलेले दूध वासावरून कळे, किडलेले धान्य डोळ्यांना दिसे, कडू काकडीची पहिली फोड तोंडात घालताच थुंकून टाकता येई. निसर्गाने दिलेले हे तीन राखणदार निसर्गातील धोक्यांपुरते बहुतांशी पुरेसे होते. परंतु माणसाने स्वतःच जे धोके निर्माण केले, त्यांच्यापुढे ते हतबल झाले आहेत. शिशाला वास नाही. शिशाचा पिवळा क्षार हळदीत मिसळला, तर हळद उलट अधिक मोहक दिसते. डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे द्रव्य चवीला चक्क गोड असते. जीभ ज्याला पसंती देते तेच शरीराचा घात करते, अशी ही विपरीत अवस्था आहे.

जे इंद्रियांना कळत नाही ते कळवून देणारी साधने निर्माण करण्याचा शास्त्रज्ञांचा उद्योग म्हणूनच केवळ बुद्धीचा विलास नव्हे. अलीकडच्या काळात या उद्योगाला ग्राफीन नावाच्या एका अद्भुत द्रव्याची जोड मिळाली आहे. ते द्रव्य काय करू शकते हे प्रस्तुत लेखात आम्ही थोडक्यात सांगणार आहोत; तथापि आमचा खरा रोख त्यामागून येणाऱ्या प्रश्नाकडे आहे. जे जाणून घेणे शक्य झाले आहे, ते जाणून न घेणे हा अपराध ठरतो काय? आणि ठरत असेल, तर तो कोणाचा?

आपल्या भाषेत आपण शिसपेन्सिल म्हणतो, पेन्सिलीचे शिसे तुटले असेही म्हणतो. वास्तविक पेन्सिलीत शिसे नसतेच. तिच्यात ग्राफाइट असते, आणि ग्राफाइट हे कोळशाप्रमाणे व हिऱ्याप्रमाणे कार्बनचेच एक रूप आहे, हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिले. तोवर युरोपातही लोक त्या काळ्या चकचकीत दगडाला शिशाचाच प्रकार समजत. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत. त्यातील एकच पापुद्रा, अवघ्या एका अणूच्या जाडीचा, वेगळा काढला की त्याला ग्राफीन म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलत सोलत असा एकेरी पापुद्रा मिळवला व २००४ साली तो जगापुढे मांडला. २०१० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. नियतीचा खेळ असा, की ज्या द्रव्याला माणूस शतकानुशतके चुकून शिसे म्हणत आला, तेच आज खऱ्या शिशाचा माग काढू लागले आहे.

हा माग कसा निघतो? मधुमेही मंडळींच्या घरात रक्तातील साखर तपासण्याची जी छोटी पट्टी असते, तिच्यासारखीच एक पट्टी डोळ्यांपुढे आणावी. तिच्यावर ग्राफीनयुक्त शाईने विद्युताग्रे छापलेली असतात. तपासावयाच्या पदार्थाचा द्राव तिच्यावर ठेवून प्रथम काही मिनिटे ऋण दाब दिला जातो. द्रावातील शिशाचे आयन त्या काळ्या पृष्ठभागाकडे ओढले जाऊन धातुरूपाने तेथे साचतात. मग दाब हळूहळू वाढवत नेला, की एका ठराविक क्षणी साचलेले शिसे पुन्हा द्रावात उतरते आणि त्या वेळी विजेचा एक लहानसा झोत वाहतो. तो किती दाबावर वाहिला यावरून धातू कोणता हे कळते. किती जोराचा वाहिला यावरून धातू किती हे कळते. कॅडमियम आपला झोत वेगळ्या दाबावर देते, शिसे वेगळ्या. ग्राफीनचा जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असल्याने आयनांना बसावयास जागा विपुल मिळते, आणि वीजही त्यातून सुलभतेने वाहते. त्यामुळे अब्जांशातील शिसेसुद्धा अशा पट्टीला जाणवू शकते.

या विद्येचे मूळ जुने आहे. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ साली प्राग येथे पाऱ्याच्या थेंबांचे विद्युताग्र वापरून हा मार्ग खुला केला. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. विष शोधण्यासाठी पाऱ्यासारखेच दुसरे विष हाताळावे लागे, ही त्या पद्धतीची अडचण होती. २००० सालापासून पाऱ्याच्या जागी बिस्मथचा पातळ थर वापरता येऊ लागला आणि आता ग्राफीनची साथ मिळाल्याने ही कसोटी प्रयोगशाळेतून बाजाराच्या दिशेने निघाली आहे. ती अजून सर्वत्र पोहोचलेली नाही, आणि तिला मर्यादाही आहेत. हळदीतील शिशाचा क्षार पाण्यात विरघळत नाही. तो आधी आम्लात विरघळवून घ्यावा लागतो. अन्नातील प्रथिने पृष्ठभागावर चिकटून पट्टीला आंधळी करतात. तरीही दिशा स्पष्ट आहे. जे ज्ञान कालपर्यंत मोठ्या यंत्रापाशी आणि मोठ्या खर्चाला बांधलेले होते, ते स्वस्त होत चालले आहे.

ज्ञान स्वस्त झाले की अज्ञान महाग होते. हे आम्ही पैशाच्या अर्थाने म्हणत नाही, नैतिक अर्थाने म्हणतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अज्ञानाचे प्रकार मोठ्या बारकाईने वेगळे केले होते. एक अज्ञान असे असते, की माणसाने कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होण्यासारखे नसते; त्यातून घडलेल्या कृत्याचा दोष त्याच्या माथी येत नाही. दुसरे अज्ञान निष्काळजीपणाचे. जे जाणून घेणे कर्तव्य होते व शक्यही होते, ते आळसाने राहून गेलेले. आणि तिसरे त्याहून भयंकर; आपल्या व्यवहारात अडथळा येऊ नये म्हणून माणसाने हेतुपुरस्सर जोपासलेले. या तिसऱ्या प्रकारात अज्ञान हे दोषाचे निमित्त राहत नाही, ते स्वतःच दोष होते. पुढे १८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने, जो श्रद्धावंतांच्या गोटातला मुळीच नव्हता, जवळजवळ हाच विचार एका जहाजमालकाच्या दृष्टांताने मांडला. जहाज जुने झाले आहे अशी शंका मालकाला येते. परंतु दुरुस्तीचा खर्च नको म्हणून तो आपल्या मनाची समजूत घालतो, आणि अगदी प्रामाणिकपणे निर्धास्त होऊन प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडते. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे क्लिफर्डला मान्य आहे. तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, एवढेच त्याचे म्हणणे. दोन भिन्न वाटांनी आलेले हे दोघे विचारवंत एकाच ठिकाणी भेटतात, याला आम्ही महत्त्व देतो.

हा विचार काही घटनांच्या कसोटीवर घासून पाहू. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या औषधाचे पातळ मिश्रण बाजारात आले. औषध विरघळावे म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. उत्पादकांनी त्याची चव, रंगरूप आणि सुगंध तपासला. ते विषारी आहे काय, हे मात्र तपासले नाही. म्हणजे त्यांनी नेमके आपले ते तीन जुने राखणदारच पहाऱ्यावर ठेवले. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत पुष्कळ लहान मुले होती. तशी तपासणी करण्याचे बंधन त्या वेळच्या कायद्यात नव्हते; औषधाला दिलेले नाव दिशाभूल करणारे होते, एवढ्याच मुद्द्यावर कारवाई करता आली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. अज्ञानाची सबब कायद्याने काढून घेतली.

पण ती माणसांच्या मनातून गेली नाही. १९८६ सालच्या आरंभी आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, उपचार म्हणून ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण मृत्यू पावले. ग्लिसरीनमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, आणि खरेदीपासून परवान्यापर्यंत अनेक टप्प्यांवरची बेपर्वाई उघडकीस आली. त्यानंतर ३६ वर्षांनी, २०२२ साली, आफ्रिकेतील गांबिया देशात खोकल्याच्या औषधानंतर सुमारे सत्तर बालके मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्या औषधांत हेच द्रव्य आढळल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ८५ वर्षे जे ज्ञात आहे, ज्याची तपासणी रसायनशास्त्राला मुळीच अवघड नाही, त्यापुढे ‘आम्हाला कळले नाही’ हे वाक्य कोणत्या तोंडाने उच्चारावे? अक्वायनस यांच्या वर्गवारीत १९३७ सालचे अज्ञान कदाचित दुसऱ्या कप्प्यात बसेल. २०२२ सालचे अज्ञान तेथे बसवताना हात कचरतो.

येथवर आमचे म्हणणे सरळ वाटेल. साधन हाती आले की तपासण्याचे कर्तव्यही आले. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. त्याला निदान तीन वळणे आहेत.

पहिले वळण असे, की साधन विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. योहान केल्डाल या डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची रीत शोधली. दुधातील प्रथिने किती, हे त्या नायट्रोजनवरून अजमावण्याचा प्रघात पडला. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळू लागले ते याच कारणाने. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे पातळ दूधही कसोटीला कसदार भासे. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला नायट्रोजन विचारला, त्याने नायट्रोजन सांगितला. २००८ साली हे उघडकीला आले तेव्हा सुमारे तीन लाख बालके आजारी पडली होती आणि सहा दगावल्याचे अधिकृतपणे मान्य झाले. ग्राफीनची पट्टी शिसे शोधील, कॅडमियम शोधील. ज्या विषासाठी ती घडवलेली नाही, त्याविषयी ती मूक राहील. लबाडी मात्र नेहमी त्या मूक जागेच्या शोधात असते. म्हणून कसोटीत उतरणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. व्यापाऱ्याने ‘तपासणीत काही सापडले नाही’ असे म्हणावे, तेव्हा काय शोधले होते, हा प्रश्न विचारण्याचे काम कोणत्याही यंत्रावर सोपवता येत नाही.

दुसरे वळण याच घटनेत दडलेले आहे. सानलू या दूध कंपनीकडे बालकांच्या आजाराच्या तक्रारी २००७ सालच्या अखेरीपासूनच येत होत्या. २००८ सालच्या ऑगस्टपर्यंत मेलामाइनची बाब कंपनीच्या वरिष्ठांना ठाऊक झाली होती. पण बीजिंगचे ऑलिंपिक सामने चालू होते, आणि जनतेला ही बातमी कळावयास सप्टेंबर उजाडला. त्या आठवड्यांत ज्या मातांनी बाटल्या भरल्या, त्यांचे काय? येथे कमतरता उपकरणाची नव्हती. ज्ञान होते, पण ते कपाटात बंद होते. जाणण्याच्या कर्तव्यामागे सांगण्याचे कर्तव्य सावलीसारखे येते. पहिले पाळून दुसरे टाळणारा माणूस अज्ञानी माणसापेक्षा अधिक दोषी ठरतो, कारण त्याने आपल्यापाशी असलेल्या शेवटच्या सबबीचाही त्याग केलेला असतो.

तिसरे वळण आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करते. साधन स्वस्त व सुटसुटीत झाले, की ते कोणाच्या हाती द्यावे, असा विचार सुरू होतो. आणि सहज सुचणारे उत्तर म्हणजे ग्राहकाच्या. प्रत्येक घरात पट्टी असावी, गृहिणीने हळद आणली की तपासावी, खेळणे आणले की तपासावे. वरवर पाहता हे ग्राहकाचे सबलीकरण दिसते. पण त्याची दुसरी बाजू पाहा. उद्या एखादे मूल आजारी पडले, तर विकणारा म्हणेल, ‘बाई, तपासून घ्यायचे होते!’ विष घालणाऱ्याचे पाप विष न ओळखणाऱ्याच्या ओटीत टाकले जाईल. शिवाय पट्टी विकत घेणे ज्यांना परवडेल त्यांचेच घर सुरक्षित राहील. नाकारलेला माल स्वस्त होऊन शेवटी ज्यांना परवडत नाही त्यांच्या ताटात जाईल. आमोस संदेष्ट्याने मापे लहान करणाऱ्यांना आणि गव्हाचे भूस गरिबांना विकणाऱ्यांना झोडपले, तेव्हा गरिबांनी स्वतःचा तराजू घेऊन बाजारात जावे असा उपदेश त्याने केला नाही. खोटा तराजू ज्याचा, दोष त्याचा, ही त्याची भूमिका होती. साधने बदलली तरी ही भूमिका बदलण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आणखी असे, की प्रत्येक घास तपासून खाणारा समाज हा सुरक्षित समाज नव्हे. जेवणाचे ताट पुढे सरकवणाऱ्या हातावर विश्वास ठेवता येणे, ही माणुसकीच्या व्यवहाराची पहिली पायरी आहे. अनोळखी शेतकऱ्याचे धान्य, अनोळखी गवळ्याचे दूध आपण निःशंकपणे घेतो, तेव्हा त्या व्यवहारात पैशाखेरीज आणखीही काही देवघेव होत असते. ती थांबली तर उरेल ती एकमेकांवरची पाळत.

तर मग साधनाचा उपयोग कोठे? याचे एक उत्तर बांगलादेशाने दिले आहे, आणि ते आपण समजून घेण्याजोगे आहे. तेथील ग्रामीण भागातील गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळत होते, आणि त्याचा उगम कळत नव्हता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ व ढाक्यातील अतिसार रोग संशोधन केंद्र येथील संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांची तुलना करून तो उगम हळदीत असल्याचे २०१९ साली दाखवून दिले. हळदीच्या कांड्यांना झळाळी यावी म्हणून त्यांवर लेड क्रोमेट हा रंग चोळला जात होता. काही नमुन्यांत शिसे तेथील कायदेशीर मर्यादेच्या चारशे पटींहून अधिक निघाले. ही प्रथा १९८० च्या दशकातील पुरापर्यंत मागे जाते असे चौकशीत समजले. पुरामुळे हळद नीट वाळेना, काळवंडू लागली, तेव्हा तिला पिवळेपणा आणण्याची ही युक्ती निघाली आणि पूर ओसरल्यावरही ती टिकून राहिली.

त्यानंतर जे घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रांतून इशारे दिले, बाजारपेठांत पत्रके वाटली आणि ढाक्याच्या श्यामबाजारात क्ष-किरणांनी धातू ओळखणारे हातातील यंत्र नेऊन सर्वांसमक्ष घाऊक व्यापाऱ्यांची हळद तपासली. दोषींना तेथेच दंड झाला, माल जप्त झाला, आणि दूरचित्रवाणीवरून हे देशाने पाहिले. २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही. हळद दळणाऱ्या कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले. येथे यंत्र ग्राफीनचे नव्हते, तत्त्व मात्र तेच. ते गृहिणीच्या स्वयंपाकघरात गेले नाही, विक्रेत्याच्या गोणीपाशी गेले. त्याचा निकाल कपाटात गेला नाही, भर बाजारात उच्चारला गेला. आणि त्याच्यामागे दंड करण्याचा अधिकार उभा होता. परिणामी घरोघरच्या स्त्रियांना पुन्हा निःशंकपणे हळदीच्या डब्यात चमचा घालता आला. विश्वासाची जागा यंत्राने घेतली नाही. विश्वास पुन्हा उभा राहीपर्यंत त्याने टेकू दिला.

ही दूरची गोष्ट म्हणून आपण सुस्कारा टाकू नये. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा, कराची, पेशावर अशा शहरांतील हळदीतही शिशाचे मोठे प्रमाण आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. बालकांच्या मेंदूला त्याची थोडी मात्राही बाधते. मेंदूची ही हानी भरून येत नाही, आणि ज्या मुलाची ती होते त्याला आपण काय गमावले हे कधी कळतही नाही.

आता एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. हळदीला रंग चोळणाऱ्यांपैकी अनेकांना तो रंग घातक असल्याची जाणीव नव्हती. गिऱ्हाईक पिवळीधमक हळद मागते, फिकी हळद पडून राहते, एवढेच त्यांना ठाऊक होते. म्हणजे त्या गोणीत विष गेले ते एका मागणीच्या पाठीवर बसून, आणि ती मागणी आपलीच होती. फळ चकाकणारे हवे, गूळ सोनेरी हवा, मिठाई रंगीत हवी, आणि हे सगळे स्वस्तही हवे, असा आग्रह धरणाऱ्याने ते तसे कसे झाले हे कधी विचारले नाही, तर त्याचे अज्ञान कोणत्या कप्प्यात घालावयाचे? विकणाऱ्याचा दोष यामुळे रतिभरही उणा होत नाही. पण आपले हात अगदीच कोरडे आहेत असेही म्हणता येत नाही. ग्राहकावर रसायनशास्त्रज्ञ होण्याचे दायित्व नाही. फिकी हळद पाहून नाक न मुरडण्याचे दायित्व मात्र त्याच्यावर आहे, आणि त्यासाठी कोणतीही पट्टी लागत नाही.

कोणी विचारील, साधने अशीच सूक्ष्म होत गेली तर उद्या प्रत्येक पदार्थात काही ना काही सापडेल. मग खावे तरी काय? ही शंका रास्त आहे. अब्जांश मोजता येऊ लागला की शून्य नावाची जागा दूर सरकते. नीतिशास्त्रात अतिशंकाखोर मनाची जी व्याधी वर्णिली आहे, ज्याला प्रत्येक कृतीत पाप दिसते आणि म्हणून खऱ्या पापाचीही पारख उरत नाही, ती व्याधी समाजालाही जडू शकते. आकडा दिसणे आणि आकड्याचा अर्थ लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीतून पिकात आलेला धातूचा लेश आणि लोभाने किंवा बेपर्वाईने चोळलेला रंग, हे पट्टीवर एकाच जातीचे झोत उमटवतील. किती मात्रा घातक, ती कोठून आली, टाळता आली असती काय, आणि कोणी टाळावयास हवी होती, हे ठरवताना पट्टी गप्प बसेल आणि सदसद्विवेकबुद्धीला बोलावे लागेल.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. जाणून घेणे शक्य असता न जाणणे हा अपराध ठरतो. परंतु तो सर्वांचा सारखा नाही. जो पदार्थ घडवतो व ज्याला त्यातून नफा होतो, त्याच्यावर जाणण्याचे पहिले दायित्व. ज्याला तपासण्याचा अधिकार जनतेने दिला आहे, त्या शासनावर तपासण्याचे आणि निकाल मोकळेपणाने सांगण्याचे दायित्व. शास्त्रज्ञावर, आपल्या साधनाला काय दिसत नाही हेही स्पष्ट सांगण्याचे. आणि तुमच्या-आमच्यावर, विचारण्याचे. किराणा दुकानात पुढच्या वेळी हळद घेताना ती कोठून आली, कोणी तपासली, इतके दोन प्रश्न जरी आपण दुकानदाराला विचारले, तरी ते प्रश्न घाऊक बाजारापर्यंत पोहोचतात. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. मग त्याला ते शोधावे लागेल.